'हाय, आय ॲम ग्लेन कॅम्पबेल' – कापूस वेचणाऱ्या पोराचं गिटार आणि पुढचं सगळं

कापूसकोंड्या:

गेल्या महिन्यात लाँग वीकेंडला पोरांच्या हट्टापायी आम्ही हिरे खणायला गेलो होतो. हसू नका, खरंच. इथे अमेरिकेत आर्कान्सॉमध्ये मर्फ्रीसबरो नावाच्या गावाजवळ सरकारी पार्क आहे, ३७ एकरांचं नांगरलेलं रान, तिकीट काढायचं, फावडं नि चाळणी भाड्याने घ्यायची, चिखलात बसायचं, आणि सापडला हिरा तर तुमचा. बेंटनव्हिलहून चारेक तास गाडी चालवून गेलो (इथले अर्धे मराठी लोक कशासाठी बेंटनव्हिलमध्ये आहेत ते सांगायला नको, वॉलमार्ट!), दिवसभर चाळलं, आणि मिळालं काय तर गुडघेदुखी आणि एक हिरवट काचेचा तुकडा जो धाकट्याने अजून उशीखाली ठेवलाय.

परत येताना बायको म्हणाली इथे जवळच डिलाइट नावाचं गाव आहे, किती गोड नाव, बघून जाऊ. मी म्हटलं थांब, डिलाइट म्हणजे ग्लेन कॅम्पबेलचं! गाडीतलं पब्लिक: कोण? मग पुढचे चार तास मी बोलत होतो आणि घरातल्यांनी ऐकून घेतलं, आता तुमची पाळी.

तर हा अमेरिकन गायक आणि गिटारवाला १९३६ च्या एप्रिलमध्ये डिलाइटजवळच्या बिल्सटाउन नावाच्या वस्तीत जन्मला. बारा भावंडं, हा सातवा मुलगा. बाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसायचा. घरात वीज नाही. पोरं कापूस वेचायला जायची, शंभर पौंडाला सव्वा डॉलर मिळायचा असं तो सांगायचा. ज्यांनी कापूस वेचलाय त्यांना शंभर पौंड म्हणजे किती बोंडं ते कळेल, बाकीच्यांनी सोडून द्या. चार वर्षांचा असताना बापाने सीअर्सच्या कॅटलॉगमधून पाच डॉलरचं गिटार मागवून दिलं आणि एका काकाने बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. झालं शिक्षण. नोटेशन वाचायला तो कधीच शिकला नाही, आणि हे लक्षात ठेवा कारण पुढे याला महत्त्व आहे.

सतरा-अठराव्या वर्षी शाळा वगैरे सोडून अल्बुकर्कला दुसऱ्या एका नातेवाइकाच्या बँडमध्ये, रेडिओवर, बारमध्ये, आणि १९६० मध्ये लॉस एंजेलिस. तिथे हा स्टुडिओतला भाड्याचा गिटारवाला झाला. त्या वादकांच्या टोळीला नंतर 'रेकिंग क्रू' नाव पडलं. सकाळी एकाच्या रेकॉर्डिंगला, दुपारी दुसऱ्याच्या, रात्री तिसऱ्याच्या. १९६३ या एका वर्षात त्याने ५८६ गाण्यांत वाजवलं असं सांगतात. एल्व्हिसचं 'व्हिवा लास व्हेगास', मंकीजचं 'मेरी, मेरी', फ्रँक सिनात्राचं 'स्ट्रेंजर्स इन द नाइट', बीच बॉइज या बँडचा 'पेट साउंड्स' अल्बम, सगळ्यात याचं गिटार आहे आणि कव्हरवर नाव नाही. सिनात्राच्या वेळी हा वाजवता वाजवता त्याच्याकडे टक लावून बघत बसला म्हणून सिनात्रा वैतागला, हा किस्सा तो स्वतः रंगवून सांगायचा. खेड्यातलं पोर, बघणारच.

१९६४ च्या डिसेंबरात बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनची तब्येत प्रवासात बिघडली, त्याने दौऱ्यांवर जाणं बंद केलं, तर त्याच्या जागी हाच उभा राहिला, बेस वाजवत आणि वरच्या पट्टीत गात. समोर पोरी किंचाळतायत, पण त्या याच्यासाठी नव्हेत. काही महिन्यांनी परत स्टुडिओ.

मग १९६७. 'जेंटल ऑन माय माइंड' आणि जिमी वेब या पोरगेल्या गीतकाराचं 'बाय द टाइम आय गेट टू फिनिक्स'. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमीत एकाच माणसाला चार, दोन कंट्रीतली (म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत), दोन पॉपमधली. एकतिसाव्या वर्षी एकदम लोकांना चेहरा कळला. आणि तो चेहरा टीव्हीवाल्यांनी बघितला. १९६८ च्या उन्हाळ्यात स्मदर्स ब्रदर्स या विनोदी जोडगोळीच्या टीव्ही कार्यक्रमाला सुट्टी होती, तेव्हा बदली म्हणून याला उभा केला, लोकांना आवडला, आणि जानेवारी १९६९ पासून सीबीएस वाहिनीवर त्याचा स्वतःचा 'द ग्लेन कॅम्पबेल गुडटाइम अवर' सुरू झाला तो १९७२ पर्यंत. दर आठवड्याला हा हसत वळून म्हणायचा, 'हाय, आय ॲम ग्लेन कॅम्पबेल.' बस. याला सांगावं लागायचं हीच गंमत, कारण तोवर लोकांनी याला वर्षानुवर्षं ऐकला होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

पुढचं कमेंटमध्ये लिहितो, पोळ्या लाटायला हाक आली आहे.

निषेधखान:

लेख छान. पण याला कंट्री म्हणणं म्हणजे फ्युजन ऐकून घराणं विचारण्यासारखं आहे. मागे अख्खा व्हायोलिनचा ताफा, शिंप्याने शिवलेला सूट, दात पांढरेशुभ्र. कंट्री म्हणजे हँक विल्यम्स, कंट्री म्हणजे मर्ल हॅगार्ड जो खरोखर तुरुंगात जाऊन आला. हा लॉस एंजेलिसचा पॉप गायक. कंट्रीचं माहेर जे नॅशव्हिल, तिथला नव्हेच. निषेध नोंदवून ठेवतो.

कापूसकोंड्या:

@निषेधखान, तुमच्या नावाला जागलात :) पण तुरुंगाचं म्हणाल तर तोही कोटा याने भरला. २००३ मध्ये फिनिक्सला दारू पिऊन गाडी ठोकली, पुढच्या वर्षी दहा रात्री आत. ज्या गावाच्या नावाने गाणं हिट झालं तिथेच. त्याच्या आधी सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोकेन, दारू, लग्नं मोडणं (एकूण चार केली), गायिका टान्या टकरबरोबरची जाहीर भांडणं, सगळं झालंय. त्यात शिरत नाही कारण त्याने स्वतःही ते कधी मिरवलं नाही. पोलिसांनी काढलेला तो फोटो मात्र बघवत नाही.

बाकी कापूस वेचून आलेल्या माणसाला कंट्रीचं सर्टिफिकेट कुणी द्यायचं? आपण, बेंटनव्हिलमध्ये एसीत बसून? कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने २००५ मध्ये घेतला त्याला.

दुपारचा_चहा:

टीव्हीबद्दल थोडी भर. १९६९ हे साल भारी आहे. जानेवारीत ग्लेनचा कार्यक्रम, जूनमध्ये एबीसी वाहिनीवर कंट्री गायक जॉनी कॅशचा नॅशव्हिलच्या रायमन थिएटरमधून, आणि त्याच महिन्यात सीबीएसवर 'ही हॉ' हा गावाकडच्या गाण्यांचा आणि विनोदांचा कार्यक्रम. म्हणजे ज्या गाण्यांना शहरी लोक नाक मुरडायचे ती अचानक सगळ्यांच्या दिवाणखान्यात. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये सीबीएसने स्मदर्स ब्रदर्सना काढलं, कारण ते व्हिएतनाम आणि राजकारणावर बोलायचे आणि सेन्सॉरशी रोज कटकट. ज्यांच्या जागेवर हा बदली म्हणून आला ते गेले आणि हा राहिला. पण ग्लेनच्या कार्यक्रमाचे लेखक बघा कोण होते, स्टीव्ह मार्टिन (पुढे मोठा विनोदी नट), रॉब रायनर (पुढे सिनेदिग्दर्शक). तेव्हा ही पोरं होती.

माझा आवडता तुकडा म्हणजे मर्ल हॅगार्ड (घ्या निषेधखान, तुमचा माणूस) ग्लेनच्या कार्यक्रमात आलाय आणि दुसऱ्या कंट्री गायकांच्या नकला करतोय. मार्टी रॉबिन्स, मग हँक स्नो, मग बक ओवेन्स आणि बक ओवेन्स स्वतःच तिथे येतो. मग जॉनी कॅशची नक्कल सुरू, तर कॅश येऊन उभा. हॅगार्डचं ते लाजणं बघा. नकलाकाराला मूळ माणूस भेटला की काय होतं! यजमानाने इथे काय केलं तर काही नाही केलं, बाजूला राहून हसला. माझ्या मते यजमान म्हणून त्याची खरी अक्कल ती. आपल्या कार्यक्रमात आपल्यापेक्षा दुसरा उठून दिसला तरी चालेल असं वाटणारे अँकर आज दाखवा मला.

१९७१ मध्ये सीबीएसने गावाकडच्या सगळ्या मालिकांवर कुऱ्हाड चालवली, शहरातला तरुण, पैसेवाला प्रेक्षक पाहिजे म्हणून. 'ग्रीन एकर्स'मधला पॅट बट्रम म्हणाला होता की ज्यात झाड आहे ते सगळं यांनी बंद केलं. ग्लेन त्यातूनही एक वर्ष तगला, तो सूट आणि ती व्हायोलिनं कामी आली म्हणा.

निषेधखान:

हॅगार्डचा तुकडा बघितला. तीनदा. निषेध अर्धा मागे.

सहा_तारा:

गिटारवाला आहे म्हणून राहवत नाही. (म्हापसा, लग्नात वाजवतो, मोठं कायपण नाही.)

'विचिटा लाइनमन' ऐका, १९६८. ग्लेनने जिमी वेबला फोन केला की फिनिक्ससारखं अजून एक गाणं दे, गावाचं नाव असलेलं. वेबला ओक्लाहोमातल्या सपाट रस्त्यावर बघितलेला एक माणूस आठवला, टेलिफोनच्या खांबावर चढलेला, कानाला रिसीव्हर, आजूबाजूला मैलोन् मैल कुणी नाही. त्यावर गाणं सुरू केलं, अर्धवट राहिलं, तरी पाठवून दिलं आणि सांगितलं पुरं झालेलं नाहीये. यांनी तेवढंच रेकॉर्ड करून टाकलं! जिथे शब्द कमी पडले तिथे ग्लेनने कॅरल केचं (ती पण त्याच टोळीतली, बेस वाजवणारी बाई, कमाल) डॅनइलेक्ट्रोचं सहा तारांचं बेस गिटार उसनं घेतलं आणि गाण्याची चालच त्यावर खालच्या सप्तकात वाजवली. झाला सोलो. एकही फालतू सूर नाही, वेग नाही, हा माणूस विजेसारखा वाजवू शकत होता (त्याने वाजवलेली 'विल्यम टेल'ची धून बघा, गिटार डोक्यावर धरून वाजवतो) पण इथे नुसती चाल. मी पंधरा वर्षं वाजवतोय, ते सोपं आहे, दोन दिवसांत बसतं, आणि तसं वाजत नाही.

शेवटी जी टिकटिक-टिकटिक ऐकू येते, तारेतून संदेश जातोय तशी, ते वेबच्या घरचं ऑर्गन. ते स्टुडिओत उचलून आणलं होतं.

आणि त्या नाव नसलेल्या वादकांवरून, आमच्या गोंयकारांची आठवण येणारच की. हिंदी सिनेमाची सोन्याची गाणी, शंकर-जयकिशनच्या मागे सेबॅस्टियन डिसोझा, आणि अँथनी गोन्साल्विस ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. नाव किती जणांना ठाऊक होतं? फरक एवढाच की आमचे लोक चर्चच्या शाळेत नोटेशन घोटून आले होते, कागद ठेवला की वाजवायचे. हा ग्लेन कागद न वाचता त्या सगळ्यांच्यात बसायचा, फक्त कानावर. एकदा ऐकून. भीती नसेल वाटत?

वायरमनचा_पोर:

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण वरचं वाचून ते गाणं लावलं आणि मग लिहायला बसलो.

माझे बाबा लाइनमन. विजेचे, टेलिफोनचे नाही. कोकणात, चौतीस वर्षं. जून ते सप्टेंबर आमच्या घरी कुणी सलग झोपलेलं आठवत नाही. रात्री दोनला कुणीतरी अंगणात येऊन ओरडायचं, बाबा इरलं नाही तर रेनकोट, पक्कड, कमरेचा पट्टा, बॅटरी घेऊन बाहेर. आई दार लावायची नाही, नुसतं लोटून ठेवायची. लाइट आली की गावात पोरं ओरडायची "आSSली" आणि आई तेव्हा दिवा मालवायची, म्हणजे बाबा खाली उतरले.

गाण्यात तो म्हणतो की तारांच्या गुणगुणीत ती ऐकू येते. लहानपणी आम्ही पण खांबाला कान लावायचो. टेलिफोनच्या, रस्त्याकडेच्या. घुंSS असा आवाज यायचा. आमचा समज असा की मुंबईचे लोक बोलतायत. बाबांनी सांगितलं वारा आहे, तेव्हा वाईट वाटलं होतं.

बाबांना ऐकवून बघतो. कान कमी आलेत.

कापूसकोंड्या:

@वायरमनचा_पोर, लिहीत जा हो. "आली" वाचून इथे मध्यरात्री घरची आठवण झाली.

पुढचं. १९६९ मध्येच 'ट्रू ग्रिट' सिनेमा, जॉन वेनबरोबर. वेनला ऑस्कर मिळालं, आणि ग्लेन स्वतःच्या अभिनयाची पुढे जन्मभर टिंगल करत राहिला. 'गॅल्व्हेस्टन' पण त्याच साली, ते आधी डॉन हो या गायकाने गायलेलं. वेबने ते सैनिकाचं हळू, उदास गाणं म्हणून लिहिलं होतं, ग्लेनने वेग वाढवला आणि लोक ठेका धरायला लागले, शब्द नीट ऐकले तर पोटात कालवतं. मग १९७५ ला 'ऱ्हाइनस्टोन काउबॉय', कंट्री आणि पॉप दोन्ही याद्यांत एक नंबर, १९७७ ला 'सदर्न नाइट्स', ते पण. ऱ्हाइनस्टोन म्हणजे कपड्यांवरचे खोटे खडे. आणि जन्म कुठे, तर हिऱ्यांच्या रानाशेजारी. (ही माझी गाडीतली कोटी, घरी कुणी हसलं नाही.)

मग उतार आणि व्यसनं, वर आलंय. १९८२ मध्ये चौथं लग्न किमशी, ते टिकलं.

आणि जून २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ग्लेनला अल्झायमर आहे. पंचाहत्तरी झालेली. निरोपाचा दौरा ठरला थोड्याच आठवड्यांचा, झाले १५१ कार्यक्रम. बँडमध्ये त्याचीच तीन पोरं, मुलगी ॲशली बँजोवर. समोर टेलिप्रॉम्प्टर, गाण्याचे शब्द त्यावर. त्या दौऱ्याची 'आय विल बी मी' ही डॉक्युमेंटरी आहे, एकट्याने बघू नका. त्यात दिसतं की आत्ता कुठलं गाणं झालं ते याला आठवत नाही, माणसांची नावं जातायत, चिडचिड होतेय, आणि सोलो आला की बोटं बरोबर जागेवर. मुलगी बँजोवर एक ओळ टाकते, हा गिटारवर परतवतो. शेवटचा कार्यक्रम ३० नोव्हेंबर २०१२, कॅलिफोर्नियातल्या नापाला.

धा_धिं_धिं_धा:

हे वाचून आमच्या मामंजींबद्दल लिहिते. सासरे तबला वाजवायचे, भजनी मंडळात, नंतर शिकवायचे. शेवटची चार वर्षं हाच आजार. जेवले की दहा मिनिटांत "सूनबाई, आज पानं उशिरा घेतली का?" मी पहिलं वर्ष समजावत बसायचे, मग वाटीत थोडे पोहे द्यायला लागले, दोघंही सुखी.

एकदा माझी मुलगी शेजारच्या खोलीत टॅबवर लावलेल्या झपतालावर क्लासचं गाणं म्हणत होती. मामंजी खुर्चीच्या हातावर दोन बोटांनी ठोकत होते, मी बघत होते. ती समेवर आली ती एक मात्रा आधी. यांचा हात थांबला. मोठ्याने म्हणाले, "चुकली." मुलगी धावत आली, आजोबा, कुठे? त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "ही कोणाची?" मग तिला म्हणाले, बस, आणि परत ठोकून दाखवलं. बरोबर तिथून, जिथून ती चुकली होती.

डॉक्टर म्हणाले होते संगीताचं पुष्कळदा मागे राहतं, बाकीचं आधी जातं. मला कारणं नीट सांगता येणार नाहीत. पण डॉक्युमेंटरीत टेलिप्रॉम्प्टर आहे म्हणालात ना, तर शब्दांना लागला टेलिप्रॉम्प्टर, गिटारला नाही, हे मी मान्य करते, घरी बघितलंय.

सहा_तारा:

वरचं वाचून गप्प झालो.

नोटेशन न शिकल्याचं आता वेगळंच वाटायला लागलं. कागद नव्हताच कधी मधे.

कापूसकोंड्या:

@धा_धिं_धिं_धा, धन्यवाद. नमस्कार सांगा असं लिहिणार होतो आणि "शेवटची" हा शब्द परत वाचला.

शेवटच्या गाण्याबद्दल लिहून थांबतो. २०१३ च्या जानेवारीत त्याने त्याच जुन्या टोळीतले काही वादक घेऊन एक गाणं रेकॉर्ड केलं, 'आय ॲम नॉट गॉना मिस यू'. बायकोला उद्देशून आहे. ग्रॅमी मिळालं, ऑस्करचं नामांकन मिळालं, ऑस्करच्या रात्री टिम मॅकग्रॉने गायलं कारण हा तेव्हा गाण्याच्या अवस्थेत नव्हता. इंग्रजीत ते नाव ऐकताना आधी वाटतं काय कठोर माणूस आहे, बायकोला सांगतोय की मला तुझ्याशिवाय काही वाटणार नाही, आणि मग डोक्यात उजेड पडतो. मी बायकोला ते मराठीत सांगायला गेलो, 'मला तुझी आठवण येणार नाही', तर ते सांगतानाच कळलं की मराठीत कोडं उरतच नाही. आपल्याकडे मिस करायला दुसरा शब्दच नाही, आठवणच येते. डॉक्टरांच्या रिपोर्टसारखं सरळ वाक्य झालं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

८ ऑगस्ट २०१७ ला नॅशव्हिलमध्ये गेला, ८१ वर्षांचा. पुरलाय मात्र बिल्सटाउनला, घरच्यांच्या दफनभूमीत. आम्ही तिथवर गेलो. धाकट्याने खिशातून तो काचेचा तुकडा काढला, ठेवू का विचारलं, मी हो म्हटलं, त्याने जरा विचार केला आणि परत खिशात टाकला.

निषेधखान:

उरलेला अर्धा निषेध पण मागे. पण व्हायोलिनं जास्तच आहेत हे मत कायम.

वायरमनचा_पोर:

काल रविवारी बाबांना ऐकवलं. हेडफोन लावून दिला, फुल आवाज. शब्दांचा अर्थ मी आधीच सांगितला होता, की तिकडे बर्फ पडतो आणि बर्फाच्या वजनाने तारा तुटतील की काय याची त्याला काळजी आहे. बाबा म्हणाले आमच्याकडे माडाच्या झावळ्या पडायच्या, तेच ते.

पूर्ण ऐकलं. तो खालच्या सुरातला सोलो आला तेव्हा मान हलवली. हेडफोन काढून म्हणाले, "परमिट घेऊन चढला होता ना?" (परमिट म्हणजे वीज बंद केल्यावर खांबावर चढायची परवानगी.)

मी म्हटलं बाबा, तो टेलिफोनचा लाइनमन आहे.

"मग त्याला काय," म्हणाले, "गाणी सुचतीलच."